बाळंतिणीच्या घरच्या भेटी: वजन-ताप बघून झाल्यावर आई-बाळाच्या नात्यासाठी नेमकं काय करायचं?

भेटवही

नमस्कार. बाळंतपणानंतर घरी जाऊन भेट देणाऱ्या सेविकांसाठी नवा आराखडा करायचा आहे. प्रत्येकीकडे ४० कुटुंबं आहेत. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पाजणं, आईचे टाके, रक्तस्राव हे सगळं नीट पाहिलं जातं आणि त्यासाठी छापील तक्ताही आहे. आता आई-बाळाचं नातं हा भाग त्यात जोडायचा ठरला आहे. अडचण अशी की तो एका ओळीच्या सल्ल्यावर आटोपतो: "बाळाशी बोला, खेळा, जवळ घ्या." आई मान डोलावते, सेविका खूण करून उठते.

तेव्हा विचारायचं ते असं. भेटी किती आणि कधी ठेवाव्यात? सेविकेनं नेमकं काय बघायचं आणि काय बोलायचं? आई गप्प-उदास असेल तर काय? आणि तक्त्यात लिहायचं काय? काही सेविका "अटॅचमेंट कमी" असा शेरा मारायला लागल्या आहेत. ते बरोबर आहे का?

---

दुपटं

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो शेरा आजच थांबवायला हवा.

दीड-दोन महिन्यांच्या बाळाची अटॅचमेंट मोजता येत नाही, कारण ती अजून घडतेच आहे. आईचा आवाज बाळ जन्मतःच ओळखतं, तिच्या दुधाचा वास काही दिवसांत कळतो. पण "मला हीच हवी" हा हट्ट स्पष्ट दिसायला सहा-सात महिने जावे लागतात. मग आई उठून गेली की रडणं, परका माणूस दिसला की तिच्या खांद्यात तोंड खुपसणं सुरू होतं. त्याची चाचणी म्हणजे मेरी एन्सवर्थ यांची 'स्ट्रेंज सिच्युएशन'. ती वर्षाच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या मुलांसाठी आहे. आई खोलीबाहेर जाते, परत येते असे आठ छोटे प्रसंग, वीसेक मिनिटं, सगळ्याचं चित्रीकरण, आणि ते वाचायला त्यासाठीच तयार झालेला माणूस. घरात बसल्या बसल्या तो निकाल लावता येत नाही. आणि एकदा कागदावर उतरलेला शेरा पुढच्या प्रत्येक माणसाच्या नजरेत त्या आईला आधीच नापास करून ठेवतो.

दुसरं, बाँडिंग आणि अटॅचमेंट हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. बाँडिंग म्हणजे आईला बाळाबद्दल वाटणारी माया. अटॅचमेंट म्हणजे भीती, दुखणं, थकवा आला की बाळ कुणाकडे धाव घेतं आणि तिथे शांत होतं का, ही गोष्ट. मायेनं ओथंबलेल्या आईलाही बाळाच्या खुणा वाचायला जड जाऊ शकतं. उलट, "मला अजून काही वाटतच नाही" असं कबूल करणारी आई प्रत्येक रडण्याला उठून उत्तर देत असते, आणि बाळाचं काम त्यावर छान चालतं. तिला हे सांगितलं तर तिच्या मनावरचा मोठा भार उतरतो.

पहिल्या महिन्यांत बघण्यासारखी गोष्ट आहे ती आईचा प्रतिसाद. एन्सवर्थ यांना तो दिसला तोही घरभेटींतच. बाल्टिमोरमधली २६ कुटुंबं, दर तीन आठवड्यांनी एक भेट, प्रत्येक भेट चारेक तासांची, बाळ वर्षाचं होईपर्यंत. त्यातून त्यांनी प्रतिसादाच्या चार कड्या वेगळ्या केल्या: खूण दिसणं, तिचा अर्थ बरोबर लागणं, साजेसं उत्तर देणं, आणि ते वेळेत देणं. तुमच्या सेविकेनं एवढंच शोधायचं की अडतंय कोणत्या कडीला. कारण प्रत्येक कडीचा उपाय वेगळा आहे.

खूणच दिसत नसेल तर बहुतेकदा बाळ आईच्या नजरेच्या टप्प्यात नसतं, किंवा आई इतकी थकलेली वा उदास असते की समोर असूनही दिसत नाही. नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो साधारण तेवढ्यावर. आधी एवढं अंतर जमवा.

अर्थ चुकत असेल तर आईच्या तोंडून "मुद्दाम करतो", "मला छळायला रडते", "याला मी आवडत नाही" अशी वाक्यं येतात. इथे सेविकेनं बाळाच्या वतीनं बोलायचं. त्यावर खाली लिहिते.

उत्तर चुकत असेल तर प्रत्येक रडण्याला एकच औषध चालू असतं, बहुधा दूध. थांबून बघायला शिकवा. हाताची मूठ तोंडाशी नेणं, डोकं फिरवून तोंड उघडणं ही भुकेची सुरुवातीची खूण. रडणं ही फार उशिराची, आणि तेव्हा बाळाला छातीला लावणंही अवघड जातं.

आणि वेळेतच जमत नसेल तर बऱ्याच वेळा तो अज्ञानाचा प्रश्नच नसतो. एकटी बाई, हाताशी दुसरं लहान मूल, पोटाला टाके. तिथे सल्ला देऊ नका. घरातलं कोणतं काम कोणावर सोपवता येईल ते घरच्यांसमोर ठरवून उठा.

आता बाळाच्या वतीनं बोलणं म्हणजे काय ते एका प्रसंगावर बघू. सात आठवड्यांचं बाळ आईच्या मांडीवर आहे. आई चेहरा जवळ आणून हसते, बाळ तिच्याकडे टक लावून बघतं, ओठ हलवतं. अर्ध्या मिनिटानं ते नजर भिंतीकडे वळवतं. कपाळावर आठी, बोटं फाकलेली, एक उचकी. आई त्याच बाजूला वाकते, आवाज चढवते, गालाला बोट लावते. बाळ मान आणखी फिरवतं, पाठ ताठ करतं आणि रडायला लागतं. आई म्हणते, "बघा, माझ्याकडे बघायलाच नको याला."

सेविकेचा क्षण आहे तो नजर वळली तेव्हाचा. रडणं सुरू झाल्यावर उशीर झालेला असतो. नजर वळताच हळू आवाजात बाळाच्या वतीनं म्हणायचं: "आई, केवढं बघितलं मी! जरा दम खाऊ दे." आईला थांबायला सांगायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेक बाळं तेवढ्यात किंवा थोड्या वेळानं आपण होऊन परत वळतात. वळलं की लगेच: "त्यानं मान फिरवली, तुम्ही थांबलात, आणि तो परत तुमच्याकडेच आला." या वाक्यात तीन टप्पे आहेत: बाळाची खूण, आईची कृती, बाळाचं पुढचं पाऊल. "छान करताय हं" या कौतुकात त्यातलं काहीच नाही, म्हणून ते आईच्या हाती काही देत नाही.

एक आकडा सेविकांना तोंडपाठ असू द्या. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत सुरळीत चाललेल्या जोड्यांमध्येही आई आणि बाळ यांचा सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेला असतो. उरलेला वेळ सूर चुकतो आणि परत जुळवला जातो. बाळ शिकतं ते या परत जुळवण्यातून. सतत अचूक राहायचं दडपण घेतलेल्या आईला हे सांगणं फार गरजेचं आहे.

भेटीचा क्रम ४५ ते ६० मिनिटांचा धरा. बाळ जागं आणि शांत असतं ती वेळ फोनवर विचारून जा. सुरुवातीच्या आठवड्यांत ही वेळ एका खेपेला काही मिनिटांचीच असते. दारात पहिला प्रश्न आईच्या तब्येतीचा, बाळाचा नंतर. पहिली दहा मिनिटं बाळाला हात लावू नका. बसायचं आईच्या उंचीवर आणि तिच्या बाजूला काटकोनात, म्हणजे बाळाची नजर तुमच्या तोंडावर न जाता आईकडे जाते. वजन करायचं असेल तर कपडे आईनं काढायचे, काट्यावर तिनंच ठेवायचं, उचलायचंही तिनंच. गार काट्यावर बाळ दचकून रडतं, आई उचलते, ते शांत होतं. तुमच्या भेटीतला सगळ्यात उपयोगी प्रसंग तोच, आणि तक्त्याच्या घाईत नेमका तो वाया जातो.

सगळ्यात मोठी चूक एकच: रडणारं बाळ सेविकेनं घेणं. तिच्या सरावाच्या हातात ते दोन मिनिटांत गप्प होतं आणि आईला कळतं एवढंच की मला जमत नाही. बाळ आईकडेच ठेवा, तुम्ही आईला टेकायला उशी द्या, पाण्याचा पेला द्या, शेजारी बसून राहा.

---

तिसरी_घंटा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी भेटींची संख्या आणि वेळापत्रक घेतो.

तब्येतीसाठीच्या भेटी आणि नात्यासाठीच्या भेटी यांचं गणित वेगळं आहे. पहिल्या २४ तासांनंतर ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस आहे. ती जीव वाचवण्यासाठी आहे, तिला हात लावू नका. पण नात्याचं काम तीन भेटींत बसवायचा प्रयत्न केलात तर परत एका ओळीच्या सल्ल्यावर याल.

नमुना म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या खायेलित्शा वस्तीतलं काम बघा. त्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वस्तीतल्या प्रशिक्षण घेतलेल्या बायका भेटी देत होत्या, नर्स किंवा मानसतज्ज्ञ नव्हत्या. गरोदरपणाच्या अखेरीस २ भेटी, बाळंतपणानंतर ८ आठवडे दर आठवड्याला, मग २ महिने पंधरवड्याला, मग २ महिने महिन्याला एक. एकूण १६, प्रत्येक सुमारे तासाभराची. दीड वर्षाच्या वयात सुरक्षित अटॅचमेंट असलेली बाळं भेटी मिळालेल्या गटात ७४ टक्के, दुसऱ्या गटात ६३ टक्के. फरक अवाढव्य नाही, पण खरा आहे, आणि तो सामान्य बायकांनी घडवला. त्याच अभ्यासात आईच्या नैराश्याच्या निदानाचं प्रमाण मात्र लक्षणीय कमी झालं नाही. म्हणजे नात्याच्या भेटी उदासपणाचा उपचार म्हणून पुरत नाहीत.

भेटी जितक्या जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही. बेकरमन्स-क्रॅनेनबर्ग, व्हॅन आयझेनडोर्न आणि युफर यांनी २००३ साली असे बरेच कार्यक्रम एकत्र तपासले. १६ पर्यंत भेटी असलेले, आईच्या प्रतिसादावरच नेमकं बोट ठेवणारे कार्यक्रम लांबलचक आणि सगळंच करू पाहणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा सरस निघाले. सहा महिन्यांनंतर सुरू झालेले कार्यक्रमही उपयोगी ठरले होते. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत सगळा जोर संपवू नका. ६ ते ९ महिन्यांसाठी तीन भेटी राखून ठेवा. तोपर्यंत बाळ रांगायला लागलेलं असतं, परक्याला बुजतं, आईच्या मागे मागे असतं, आणि नेमकं तेव्हाच "लाडावलंय" म्हणून त्याला दूर सारलं जातं.

४० कुटुंबांचा हिशोब आधी मांडा. एका भेटीला एक तास, वर जाणं-येणं आणि लिहिणं मिळून आणखी एक. सगळी घरं आठवडी भेटीची असती तर आठवड्याला ८० तास झाले. पूर्ण वेळ नर्स घेऊन चालणारा नर्स-फॅमिली पार्टनरशिप हा अमेरिकेतला कार्यक्रम एका नर्सकडे साधारण २५ कुटुंबं ठेवतो. ४० ठेवायचीच असतील तर पहिल्या आठ आठवड्यांतली घरं एका वेळी ८ च्या वर जाऊ देऊ नका. नाहीतर पहिली कात्री या कामालाच लागते, कारण वजनाचा रकाना रिकामा दिसतो आणि नात्याचा रिकामा रकाना कुणी विचारत नाही.

चित्रीकरणाची सोय असेल तर जरूर वापरा. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या व्हिप या पद्धतीत सहा-सात भेटी असतात. एका भेटीत पाजणं, आंघोळ, खेळ असं १० ते ३० मिनिटं टिपायचं, पुढच्या भेटीत त्यातले निवडक तुकडे आईबरोबर बसून बघायचे. सुरुवातीच्या भेटींत फक्त जमलेलं दाखवायचं. चुकलेला क्षण नंतर दाखवायचा, तोही शेजारी तिचाच जमलेला क्षण ठेवून: "इथे तुम्ही थांबला होतात, तेव्हा काय झालं ते आठवतंय?" चित्रीकरण टिपलं त्याच दिवशी दाखवू नका, तुकडे निवडायला वेळ लागतो. सेविकेच्या स्वतःच्या फोनवर ते ठेवू नका. आईची लेखी परवानगी घ्या आणि कधी पुसलं जाईल ती तारीख त्यातच लिहा.

चित्रीकरण शक्य नसेल तर तिथल्या तिथे बोलणं हाच मार्ग. मेरी डोझियर यांचा एबीसी कार्यक्रम १० घरभेटींचा आहे आणि त्यात मिनिटाला साधारण एक नेमकं वाक्य अशी अपेक्षा असते. नवीन सेविकेला हे प्रचंड वाटतं. सुरुवातीला पाच मिनिटांत तीन वाक्यं एवढंच लक्ष्य ठेवा.

---

भेटवही

दोघांचेही मनापासून आभार. हिशोबाचा मुद्दा डोळे उघडणारा आहे.

उदासपणासाठी एडिनबरा प्रश्नावली सहाव्या आठवड्यात भरून घेतली जाते. पण बहुतेक जणींचे गुण ०, १, २ असे येतात. हे खरं वाटत नाही. कुठे चुकत असेल?

---

निवांत_नजर

प्रश्नावलीत दोष नसतो, ती भरून घेण्यात असतो. आधी गुणांची मांडणी तपासा. कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांची १९८७ ची ही प्रश्नावली १० प्रश्नांची आहे, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३०. प्रश्न १, २ आणि ४ चे पर्याय वरून खाली ०, १, २, ३ असे मोजायचे. उरलेले सात, म्हणजे ३ आणि ५ ते १०, उलटे: सगळ्यात वरच्या पर्यायाला ३. घाईत सगळे एकाच दिशेनं मोजले तर बेरीज पूर्ण फसते. उत्तरं मागच्या सात दिवसांची हवीत, "बाळंतपणानंतर एकूण कसं वाटलं" अशी नकोत. आणि भाषांतर तपासून प्रमाणित केलेलंच वापरा. सेविकेनं जागच्या जागी केलेलं चालणार नाही.

मोजणी बरोबर असूनही शून्य येत असेल तर खोलीत कोण होतं ते विचारा. सासू, आई किंवा नवरा कानाच्या टप्प्यात असेल तर खरं उत्तर येणारच नाही. सेविकेनं प्रश्न मोठ्यानं वाचून आईनं तोंडी उत्तर देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. वाचता येत असेल तर कागद आणि पेन तिच्या हातात द्या आणि तुम्ही दुसरीकडे बघा. वाचता येत नसेल तर सावकाश वाचा आणि पर्यायांवर तिला बोट ठेवू द्या. तिसरं कारण भीतीचं: "हे कुणाला दाखवणार? बाळ काढून घेतील का?" म्हणून भरण्याआधीच तीन गोष्टी सांगा: हा कागद कोण बघणार, गुण जास्त आले तर पुढे काय होणार, आणि असे गुण येणं म्हणजे ती वाईट आई आहे असं मुळीच नाही.

वेळही बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनचा रडवेपणा खूप जणींना येतो आणि दोन आठवड्यांच्या आत ओसरतो. त्या दिवसांत भरून घेतलं तर गुण उगाच वर जातील. सहाव्या आठवड्याची वेळ बरोबर आहे, पण तीन-चार महिन्यांनी परत एकदा घ्या. उशिरा सुरू होणारं नैराश्य पहिल्या खेपेत सापडत नाही.

गुण १० किंवा त्याहून जास्त असतील तर आठवड्या-दोन आठवड्यांत परत घ्या आणि बोला. १३ किंवा त्याहून जास्त असतील तर डॉक्टर किंवा मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवा. पण बेरीज करण्याआधी दहाव्या प्रश्नावर नजर टाका. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर एकूण गुण ३ असले तरी त्याच भेटीत, त्याच दिवशी पुढची पावलं: तिला एकटं सोडायचं नाही, विचार कितीदा येतात आणि काही ठरवलंय का ते सरळ विचारायचं, आणि ज्याच्याकडे पाठवायचं त्याला तिथूनच फोन लावायचा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे.

दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नका. "बाळ हातातून पडेल, माझ्याच हातून काही होईल" असं चित्र अचानक डोळ्यांसमोर येणं आणि त्यानं आईच हादरणं, हे बऱ्याच जणींना होतं. ती त्या विचारापासून पळत असते. तिला धीर आणि उपचार हवेत, आरडाओरडा नको. याउलट झोप न होताही थकवा न जाणवणं, गोंधळलेलं बोलणं, कानात आवाज येणं, बाळाबद्दल विचित्र ठाम समजुती, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी सुरू झालेलं: ही तातडीची अवस्था आहे. हजारात एक-दोन बाळंतपणांत दिसते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचं नाही, आणि तोवर बाळाजवळ दुसरं माणूस हवंच.

घरभेटीतून नैराश्यावर काम होऊ शकतं हेही लक्षात ठेवा. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच आरोग्य सेविकांना विचार-वर्तन पद्धतीचं साधं प्रशिक्षण दिलं. गरोदरपणातच नैराश्य असलेल्या बायकांना १६ भेटी मिळाल्या. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत बाळ सहा महिन्यांचं असताना नैराश्य २३ टक्के जणींत उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्के. मात्र आईचं मन सावरलं म्हणजे बाळाशी सूर आपोआप जुळतो असं नाही. उदास महिन्यांत दोघांनाही एकमेकांकडे न बघण्याची सवय लागलेली असते. म्हणून दुपटं यांनी सांगितलेलं काम उपचाराबरोबरच चालू ठेवा, उपचार संपायची वाट बघू नका.

उदास आईबरोबर एक वेगळी काळजी घ्या: तिला "बाळाकडे बघून हसा" म्हणू नका. हसू येत नसताना ते मागणं क्रूर आहे. त्याऐवजी हाताला काम द्या: बाळाच्या तळव्यावर बोट ठेवा, ते पकडेल. बोट घट्ट धरलं गेलं की बहुतेक आया खाली बघतातच.

---

उंबरा

अचूक चर्चा चाललीय. एक शंका: सिझेरियन झालेल्या किंवा बाळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या आया म्हणतात की पहिला तास हुकला, आता नातं जमणार नाही. त्यांना काय सांगायचं? आणि कमी दिवसांच्या बाळांना हेच सगळं लागू होतं का?

---

दुपटं

त्यांना स्पष्ट सांगा की नातं पहिल्या तासावर अडून राहत नाही. क्लॉस आणि केनेल यांनी १९७० च्या दशकात जन्मानंतरच्या नाजूक वेळेची कल्पना मांडली. आई आणि बाळाला वेगळं न ठेवण्याची पद्धत त्यातून रुजली, हे चांगलंच झालं. पण ती वेळ हुकली की दार बंद, हा अर्थ पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. जन्मताच त्वचेला त्वचा लावणं दूध पाजायला, बाळाची ऊब टिकवायला उपयोगी आहे. अटॅचमेंट महिनोन्‌महिन्यांच्या रोजच्या उत्तरांतून घडते.

घरी आल्यावरही बाळ छातीवर घेता येतं. बाळ उभं, छातीला छाती, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला, नाक-तोंड मोकळं आणि दिसत असलेलं, हनुवटी छातीला टेकलेली नको, पाठीवर पांघरूण. आई अर्धवट टेकलेली आणि जागी. डोळा लागतोय असं वाटलं की बाळ दुसऱ्याकडे द्यायचं किंवा पाठीवर, सपाट अंथरुणात ठेवायचं. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं जीवघेणं ठरू शकतं.

कमी दिवसांच्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजा. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ १४ आठवड्यांचं असेल तेव्हा त्याचं सुधारित वय सहा आठवडे, म्हणजे पहिलं हसू आत्ता कुठे अपेक्षित. हे माहीत नसेल तर आई दोन महिने उगाच कुढत राहते. या बाळांच्या खुणा फिकट असतात आणि ती लवकर बेजार होतात. एका वेळी एकच गोष्ट: एक तर आवाज, नाहीतर चेहरा, नाहीतर स्पर्श. डुलवत, गात, डोळ्यांत बघत सगळं एकदम केलं की ते जांभई देतं, शिंकतं, अंगाचा रंग चट्ट्याचट्ट्यानं बदलतो. ती जांभई झोपेचीच असेल असं नाही. हे फार झालं, असं ते सांगतंय.

आणि रडण्याबद्दल प्रत्येक घरात, विचारलं नाही तरी, बोला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास टोकाला पोचतं, संध्याकाळी जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. पोट, लंगोट, ताप, ऊब सगळं बघून झालं आणि हात थरथरायला लागले तर बाळाला पाठीवर सुरक्षित जागी ठेवून खोलीबाहेर जायचं, पाच-दहा मिनिटांनी परत यायचं. बाळाला कधीही हलवायचं-झटकायचं नाही. मेंदूत रक्तस्राव होतो. हे नवऱ्याला आणि बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, फक्त आईला सांगून भागत नाही. चौथ्या आठवड्याच्या भेटीत सांगा, म्हणजे रडणं टोकाला जायच्या आधी सगळ्यांना माहीत असेल.

---

तिसरी_घंटा

तक्त्याचं उत्तर राहिलंय. नात्याचा भाग खुणेचा नको, तीन रकान्यांचा करा: बाळानं काय केलं, आईनं काय केलं, पुढे बाळाचं काय झालं. एका भेटीला दोनच ओळी. उदाहरणार्थ: "मूठ तोंडाशी, डोकं उजवीकडे / 'भूक लागली?' म्हणत उचललं / न रडता छातीला लागलं." किंवा: "जोरात रडलं / पाळण्यातच दूध पुढे केलं, उचललं नाही / तोंड फिरवलं, रडणं वाढलं." दुसऱ्या ओळीत आईबद्दल एकही विशेषण नाही, तरी पुढच्या भेटीत कुठून सुरुवात करायची ते कळतं. "दुर्लक्ष करते", "प्रेमळ आहे" असे शब्द पर्यवेक्षकानं खोडून परत लिहायला सांगावेत.

पर्यवेक्षणाला दर आठवड्याला प्रत्येकीसाठी एक तास हवा, आणि महिन्यातून एकदा पर्यवेक्षकानं भेटीला सोबत जावं. त्या तासात किती भेटी झाल्या हा विषय शेवटच्या दहा मिनिटांचा. आधी एक घर घ्यायचं आणि विचारायचं: "तिथे बसून तुम्हाला काय वाटत होतं?" एखाद्या घरी जायचं टाळलं जातंय, एखाद्या आईचा राग येतोय, एखादं बाळ सारखं उचलून घ्यावंसं वाटतंय, हे सगळं त्या घराबद्दल काहीतरी सांगत असतं. सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ साली लिहिलं होतं की ज्या आईचं स्वतःचं रडणं लहानपणी कुणी ऐकलं नाही तिला बाळाचं रडणं ऐकू येत नाही. तिचं ऐकलं गेलं की बाळाचंही ऐकू यायला लागतं. सेविकेच्या बाबतीतही तेच घडतं.

सेविका बदलणार असेल तर किमान तीन भेटी आधी आईला सांगा आणि एक भेट जुनी-नवी दोघींनी मिळून करा. नवीन सेविकेनं त्या दिवशी वजनसुद्धा करायचं नाही, फक्त बसून बघायचं.

---

भेटवही

तीन रकान्यांचा तक्ता या आठवड्यात आठ घरांसाठी छापतो. तिसरी_घंटा, एक विचारायचं राहिलं: या ओळी भेटीतच लिहायच्या की बाहेर पडल्यावर?

---

तिसरी_घंटा

बाहेर पडल्यावर, पण पुढच्या घरी जायच्या आधी. आईसमोर वही उघडली की ती बाळाकडे बघायचं सोडून पेनाकडे बघते. दोन घरं ओलांडून लिहिलं तर तिसरा रकाना आठवत नाही, आणि नेमका तिथेच अंदाज लिहिला जातो. रस्त्यावर उभं राहून चार मिनिटं पुरतात.